पोटावरचा ठिपका

इंजेक्शन टोचून दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती, तेवढ्यात मी जाहीर करून टाकलं की सहा नंबर लवकर गप होणार आणि नऊ नंबर आज आपल्याला जेवू देणार नाही. प्रणिताताईंनी पिंजऱ्यावरची नजर न हलवता विचारलं, कशावरनं. म्हटलं, सहा नंबरच्या कपाळावर लिहिलंय. त्या हसल्या आणि वहीच्या कडेला पेन्सिलीनं काहीतरी खरडलं. सव्वाअकराला सहा नंबर गप पडला. नऊ नंबरनं पावणेबारा वाजवले. पैजेची भजी मी कँटीनमध्ये बसून त्यांच्या डोळ्यांदेखत खाल्ली. त्यांना एक दिलं, तेही मोडलेलं.

मी उत्तम लोंढे. सोलापुराकडच्या एका फार्मसी कॉलेजात एकवीस वर्षं उंदीर सांभाळले. पांढरे, लाल डोळ्यांचे, माझ्यापेक्षा स्वच्छ राहणारे. अ‍ॅनिमल हाऊस म्हणायचे त्या जागेला. साहेब लोक वास येतो म्हणून आत यायचे नाहीत, त्यामुळं तिथं राज्य माझंच. बेचाळीस वर्षांचा घोडा झालो होतो, पण खोड्या काही जात नव्हत्या. नवा शिपाई लागला तर त्याच्या हातात रजिस्टर देऊन सांगायचो, रोज सकाळी उंदरांची हजेरी घ्यायची असते. एकानं तर चार दिवस घेतली. पिंजऱ्यांसमोर उभा राहून नंबर पुकारायचा, उंदीर हलला की हजर लिहायचा. एक झोपलेला होता, त्याला त्यानं रजेवर दाखवलं.

ही गोष्ट दोन हजार चारची. प्रणिता वाघमोडे म्हणून एक मुलगी तेव्हा पीएचडी करत होती. मेंढपाळाची पोर, अंगानं काडी, पण उंदीर असा धरायची की उंदरालाच वाटावं आपण सुरक्षित हाती आहोत. मला दादा म्हणायची, मी तिला ताई म्हणायचो, वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान असली तरी. शिकलेल्या माणसाला मान द्यावा, मग टोपी घालायला सोपं जातं.

ताईंचा अभ्यास फिटवर होता, आपण फेफरं म्हणतो त्यावर. साधी फिट दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते. पण एखादी थांबतच नाही. पाच मिनिटं, पंधरा, अर्धा तास. अशा वेळी डॉक्टर मेंदू शांत करायचं इंजेक्शन देतात, पण ते जेवढं उशिरा द्याल तेवढं कमी लागू पडतं. ताईंचं म्हणणं असं, की तोवर मेंदूत सूज धरायला लागते, आणि नायट्रिक ऑक्साईड म्हणून एक वायू असतो तोही जरुरीपेक्षा जास्त तयार होतो. हा वायू तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या अंगात आहे. बेताचा असला तर कामाचा. वाढला की गावातल्या वाईट बातमीसारखा. त्याला दार लागत नाही, भिंतीतनं पलीकडं जातो आणि शेजाऱ्याचं घर पेटवतो. मग नेहमीच्या इंजेक्शनाच्या जोडीला सूज उतरवणारं औषध आणि हा वायू कमी करणारं औषध दिलं, तर उशीर झालेल्यालाही काही फरक पडतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. आधी उंदरात. माणसाची गोष्ट लांबची.

पद्धत अशी होती. उंदराला औषधानं फिट आणायची, अर्धा तास चालू द्यायची, मग टोचायचं. चोवीस उंदीर. बारांना नेहमीच्या इंजेक्शनाबरोबर ही दोन्ही, म्हणजे जोडऔषध, बारांना नेहमीचं इंजेक्शन आणि जोडीला नुसतं पाणी. कुणाच्या नशिबात काय आहे ते फक्त देशमाने सरांना ठाऊक. सर म्हणजे ताईंचे गाईड. ते आतल्या खोलीत दार लावून सिरिंजा भरायचे, चांदीचा कागद गुंडाळायचे, नंबर चिकटवायचे, आणि यादी पाकिटात घालून कपाटात कुलूपबंद. मी उंदीर धरणार, ताई टोचणार आणि फिट थांबली की घड्याळाचं बटण दाबणार. त्यांनाही माहीत नसायला पाहिजे, नाहीतर मन बटणावर बसतं, असं सर म्हणायचे.

आणि मला तर सगळंच माहीत होतं.

कसं, ते मी कुणाला सांगितलं नाही. जादूगार कबुतर कुठनं काढतो ते सांगतो का? रोज दोन-तीन उंदीर व्हायचे, रोज मी भविष्य सांगायचो, रोज खरं व्हायचं. आठवड्याभरात कॉलेजभर झालं. पोरं अ‍ॅनिमल हाऊसच्या दाराशी यायला लागली. मी पुठ्ठ्यावर लिहून पाटी लावली, उंदीरज्योतिष, दक्षिणा एक चहा. परीक्षेत काय होईल, घरचे गाडी घेऊन देतील का, सगळं मी उंदराच्या शेपटीवरनं सांगायचो. उंदरांचं भविष्य खरं निघायचं, पोरांचं नाही. पण चहा कुणी परत मागितला नाही.

जानेवारीत पाकीट उघडलं. सरांनी कॅल्क्युलेटर तीनदा चालवला. जोडऔषधवाल्या उंदरांची फिट सरासरी सत्तावीस मिनिटं आधी थांबली होती. सत्तावीस. सर एरवी हसायचेसुद्धा मोजून, त्यांनी पेढे आणले. पुण्याच्या परिषदेला पेपर पाठवायचं ठरलं. ताईंना बारामतीकडच्या एका कॉलेजात जूनपासून नोकरी तोंडी पक्की झाली होती, अट एवढीच की मार्चअखेर प्रबंध जमा पाहिजे. त्यांच्या वडलांचा फोन आला, तर मागं मेंढरांचा एवढा गलका की काही ऐकू येईना. ताई नुसत्या हो हो म्हणत रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिंजऱ्यातला भुसा बदलत होतो. ताई आत आल्या, दार लावून घेतलं आणि वही माझ्यापुढं धरली. कडेला पेन्सिलीनं खरडलेलं सगळं माझं भविष्य होतं. गंमत म्हणून रोज लिहून ठेवलं होतं त्यांनी. पुढं लाल शाईनं पाकिटातली यादी. चोवीसपैकी बावीस जुळत होती.

मी म्हटलं, बघा, आणि लोक मला शिपाई समजतात. त्या हसल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, कपाट उघडलं होतं का. ते मात्र मला लागलं. मी म्हटलं ताई, मी खोडकर आहे, चोर नाही. कुलुपाला हात लावला असेल तर हात झडतील.

"मग कसं, दादा? तुम्हाला कळत होतं, तर ते आणखी कुणाला कळत होतं?"

अनुभव आहे म्हणून उडवून लावता आलं असतं. एकवीस नसली तरी तेव्हा अकरा वर्षं झाली होती, कुणीही मानलं असतं. पेपर गेला असता, नोकरी लागली असती, वडलांनी गावात बोकड कापलं असतं. मी भुशाचं घमेलं खाली ठेवलं. एक उंदीर काढला, मानेला धरून उलटा केला आणि पोट दाखवलं.

सूज उतरवणारं ते औषध पाण्यात विरघळायचं नाही. खडूच्या पाण्यासारखं पांढरं. सिरिंजेवर कागद होता, आत काय ते दिसत नव्हतं, बरोबर. पण सुई बाहेर काढताना पोटावर एक थेंब यायचाच. नुसतं पाणी असलं तर तो वाळून जायचा. औषध असलं तर मोहरीएवढा पांढरा ठिपका राहायचा, पांढऱ्या केसांत पांढरा. धरणाऱ्यालाच दिसेल असा. मी धरणारा होतो.

ताई म्हणाल्या, मी ठिपका कधी बघितला नाही. शपथेवर सांगते.

मला ते खरं वाटलं. आजही वाटतं. पण मी एवढं बोललोच होतो, तर उरलेलं पोटात ठेवून काय करणार.

"तुम्ही नाही बघितला. पण तुमच्या अंगठ्यानं बघितला, ताई. ठिपकेवाल्याच्या मिशा अजून थरथरत असायच्या आणि तुमचं बटण दाबून झालेलं असायचं. बिनठिपक्याचा गप होऊन शेपूट टाकून पडलेला, तरी तुम्ही थांबायच्या. वाट बघायच्या."

त्या स्टुलावर बसल्या. फिट थांबली कधी हे घड्याळ ठरवत नाही, माणूस ठरवतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण रोज समोरनं बघत होतो. त्यांनी वही मिटली, परत उघडली. चौदा नंबरवर बोट ठेवलं. म्हणाल्या, याच्या वेळी मला वाटलं होतं की घाई झाली. मग मनाला म्हटलं, नाही, झालीच असेल बंद.

सरांकडं त्या स्वतः गेल्या. मी मागं. मला वाटलं होतं सर आता मला हाकलणार, नाहीतर ताईंना सांगणार की हे तिघांतच राहू दे. पेपर पाकिटात घालून तयार होता, वर तिकिटं लावलेली. सरांनी सगळं ऐकलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. ताईंनी विचारलं, मार्च चुकेल ना सर. ते म्हणाले, चुकेल. मग सर माझ्याकडं वळले.

"लोंढे, तू फसवणारा माणूस. तुला फसवता येईल असं काय करावं लागेल, ते तूच सांग."

एवढ्या वर्षांत त्या कॉलेजात मला कुणी सल्ला विचारला नव्हता. मी खुर्ची ओढून बसलोच. म्हटलं सर, ठिपका तर आहेच, पण तुमचंही एक आहे. ते औषध तळाला बसतं म्हणून तुम्ही त्या सिरिंजा भरताना बाटली हलवता. दाराबाहेर ऐकू येतं. पाण्याला कशाला कोण हलवेल? सरांचे कान लाल झाले. ताईंच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं, तेही सरांच्या नकळत.

मग ठरलं. सगळ्या बाटल्या हलवायच्या, पाण्याची सुद्धा. टोचून झालं की प्रत्येकाचं पोट स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, आणि वर पिठाच्या खळीचा ठिपका द्यायचा. सगळ्यांना. औषधवाल्याला आणि पाणीवाल्याला एकसारखं कुंकू. वर सरांची अट अशी की मी प्रत्येक उंदराचं भविष्य चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं, तोंडानं चकार शब्द काढायचा नाही. आणि मुद्दाम चुकायचं नाही, जीव तोडून ओळखायचं. मी ओळखू शकलो नाही तर कुलूप बसलं म्हणायचं.

आधी चार उंदरांवर तालीम घेतली. मी चारही ओळखले. सर वैतागले. मी म्हटलं, जोडऔषधाच्या सिरिंजा फ्रिजमधल्या, थंड आहेत, मी ट्रे उचलतानाच हात लावून बघितला. मग सगळ्या सिरिंजा एकत्र फ्रिजबाहेर. पुढच्या चारांत दोन चुकलो. त्यापुढच्यांतही दोन. ताई म्हणाल्या, दादा, खरंच प्रयत्न करताय ना. मी म्हटलं, ताई, इज्जतीचा प्रश्न आहे, बाहेर पाटी लावलीय.

नवे उंदीर यायला, मोठे व्हायला वेळ गेला. मार्च गेला. बारामतीची जागा दुसऱ्या कुणाला दिली, तसं पत्र आलं. ताईंनी ते वाचून वहीत ठेवलं आणि पिंजऱ्यांचे नंबर बघायला लागल्या. वडलांना काय सांगितलं मी विचारलं नाही. पुढं एकदा त्याच बोलल्या, अण्णांना म्हटलं की मेंढरं परत मोजावी लागणार आहेत, पहिल्यांदा चुकीची मोजली. ते म्हणाले, मग मोज की.

जूनमध्ये चोवीस झाले. मी चोवीस चिठ्ठ्या टाकल्या. काय सांगू, आयुष्यात एवढा आंधळा मी कधी झालो नव्हतो. उंदराला उलटा करायचो, सुलटा करायचो, वास घ्यायचो, सरांच्या तोंडाकडं बघायचो. सर मुद्दाम भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. ताईंचा अंगठा मात्र बदलला होता. मिशा थांबल्या, शेपूट सैल पडलं, वर दहा आकडे मोजले, की मगच बटण. प्रत्येकाला तेवढेच दहा.

पाकीट सरांच्या टेबलावर उघडलं. आधी माझ्या चिठ्ठ्या. सर एकेक वाचायचे, ताई यादीशी जुळवायच्या. चोवीसपैकी तेरा बरोबर. सर म्हणाले, लोंढे, नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. माझ्या धंद्याची माती झाली होती आणि मी त्या दोघांपेक्षा जास्त खूश होतो. दुपारी पाटी काढली.

मग वेळा. ताई आकडे सांगत गेल्या, सरांनी बेरजा केल्या. कॅल्क्युलेटर या वेळी पण तीनदा चालला. मग तो त्यांनी ताईंकडं सरकवला.

अकरा मिनिटं.

सत्तावीसची अकरा झाली होती. मी कॅल्क्युलेटरकडं बघत राहिलो. रोज मोठ्यानं भविष्य सांगून सोळा मिनिटं मीच खाल्ली होती, भज्यांसकट. म्हटलं, ताई, मी तोंड मिटून बसलो असतो तर बरं झालं असतं. नोकरी असती तुम्हाला.

त्यांनी आकड्याला हात लावला, खरा आहे का बघावं तसा.

"एवढं थोडं आहे, म्हणजे खोटं नसावं," त्या म्हणाल्या. "आधीचं मला रात्री आठवायचं तेव्हा भीती वाटायची. याची वाटत नाहीये."

सर चहा सांगायला म्हणून बाहेर गेले. खरं तर कॅल्क्युलेटर घेऊन ऑफिसात कुणालातरी दाखवायला गेले असतील. ताईंनी मला विचारलं, जानेवारीपासून विचारायचं राहिलंय, म्हणाल्या. ठिपक्याचं तुम्ही सांगितलं नसतं तर कुणालाही कळलं नसतं. मग का सांगितलंत?

मी ही गोष्ट कॉलेजात कुणाला सांगितली नव्हती. चेष्टेखोर माणसाला असलं सांगता येत नाही, लोकांना वाटतं पुढं काहीतरी विनोद आहे.

मला एक धाकटा भाऊ आहे, भानुदास. एकोणीस वर्षांचा होता, गणितात हुशार, मास्तर होणार म्हणून सगळं गाव सांगायचं. एका दुपारी पारावर पडला, फिट आली, थांबेना. गोळा झालेल्या माणसांनी कांदा फोडून नाकाशी धरला, हातात किल्ल्यांचा जुडगा दिला. चप्पल हुंगवली, ती माझी होती आणि हुंगवणारा मीच होतो. तास त्यात गेला. मग जीप, मग नदी उतरून तालुक्याचा दवाखाना. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तरी अर्ध्या तासाच्या वर चाललीच. डॉक्टर एवढंच म्हणाले, लवकर आणायला पाहिजे होतं. भानू वाचला. घरी आहे, शेरडं राखतो, सदऱ्याची बटणं लावायला त्याला वेळ लागतो. आणि माझ्या विनोदाला तो हसतो, ताई. पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही पहिल्या दिवशी समजावून सांगितलं होतं की हे औषध उशीर झालेल्यांसाठी आहे. त्याच दिवशी ठरवलं होतं, या पोरीचे उंदीर नीट धरायचे. मग तुम्ही वही घेऊन आलात. खोटं सत्तावीस घेऊन कुणी एखाद्या भानूच्या दारात गेलं असतं, तर चप्पल आणि ते औषध यात काय फरक राहिला?

त्यांनी वही पुढं ओढली. मीच विचारलं. जे विचारायला मी पाच महिने घाबरत होतो ते.

"अर्ध्या तासातली अकरा मिनिटं कमी झाली असती, तर तो आमच्याबरोबर हसला असता का?"

ताईंनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, माहीत नाही दादा. फिट थांबली एवढंच आपण मोजलं. नंतर त्या उंदराला काय आठवतं, काय विसरला, रस्ता सापडतो का, हे बघितलंच नाही. महिनाभर ठेवून बघायला पाहिजे. बोलता बोलता त्यांनी वहीचं कोरं पान काढलं होतं. वर तारीख टाकली. चक्रव्यूहासारखं एक खोकं काढलं, त्याला वाटा काढल्या, एका कोपऱ्यात दाणा काढला. मग माझ्याकडं न बघताच विचारलं, चोवीस उंदीर किती दिवसांत मिळतील.

मी म्हटलं, तीस उंदीर मागवतो. पाच-सहा कामचुकार निघतातच.